संध्याकाळी सायकलने दिवाडीला: गावातल्या बारपर्यंत आणि तिथून घरापर्यंत

पणजीहून साडेचारला सायकली काढायच्या, मांडवीच्या कडेकडेने जुने गोवे गाठायचं, फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरायचं, पिएदाद गावातल्या एखाद्या छोट्या बारमध्ये बसून छोटा पेग आणि तळलेला मासा घ्यायचा आणि साडेनऊपर्यंत घरी परतायचं. गोव्यात राहणाऱ्या किंवा सुट्टीत गोव्याला आलेल्या पाच-सहा मित्रमैत्रिणींसाठी याहून साधी आणि सुंदर संध्याकाळ मला तरी सुचत नाही. यात शर्यत नाही, खास कपडे नाहीत आणि सरासरी वेग कोणी विचारत नाही.

मात्र ही संध्याकाळ शेवटाकडून आखायला सुरुवात करा. बार लागतो तेव्हा निम्मीच वाट सरलेली असते आणि उरलेली निम्मी अवघड असते: अंधार, पोटात थोडी दारू आणि मध्ये नदी. शेवटची बोट किती वाजता, दिवे कोणाकडे, कोण किती पिणार हे तीन प्रश्न घरातून निघण्याआधी मिटले की बाकीचं सगळं निवांत होतं.

दिवाडीच का

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात काउन्सिल ब्लफ्स शहरातून गुरुवारी संध्याकाळी सायकलवाल्यांचे घोळके मिनिओला नावाच्या चिमुकल्या गावी टाको खायला आणि एखादा ग्लास प्यायला जातात. वाट जुन्या वॉबॅश रेल्वेमार्गावरची, एका बाजूने साधारण १६ किलोमीटर. रेल्वेची वाट असल्याने उभे चढ नाहीत आणि मोटारींना तिथे प्रवेश नाही. रात्री थोडी पिऊन परतणाऱ्या माणसाला याच दोन गोष्टी सांभाळून घेतात.

आपल्याकडे तशी वाट कुठे, असं वाटेल. दिवाडी त्याच्या बरीच जवळ जाते. बेटावर यायला पूल नाही. जे काही येतं ते फेरीबोटीतून, म्हणजे एका वेळी मोजक्या गाड्या. बेटावरून पुढे जायचं तरी पुन्हा फेरीच धरावी लागत असल्यामुळे भरधाव जाणारे ट्रक आणि पर्यटक बस नाहीत. बेट बहुतेक सपाट आहे, खाजन शेतं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली) आणि तिवरांनी वेढलेलं. चढ म्हणावा असा एकच, पिएदादच्या चर्चच्या टेकडीचा. पणजी ते जुने गोवे साधारण १० किलोमीटर, पलीकडे धक्क्यापासून गावापर्यंत दोनेक किलोमीटर. बेटावर थोडं भटकलं तरी एकूण २५ ते २८ किलोमीटर होतात. आठवड्यातून एकदा सायकल चालवणाऱ्यालाही हे झेपतं.

ज्यांना तेवढंही जड वाटतं त्यांनी सायकल गाडीवर लादून जुन्या गोव्यापर्यंत यावं आणि तिथून सुरुवात करावी. फक्त यात एक मेख आहे, ती पुढे दारूच्या हिशोबात सांगते.

दिवस आणि वेळ

ऑक्टोबरच्या शेवटापासून मेपर्यंतचा काळ चांगला. पावसाळ्यातही फेरीबोटी चालतात, पण धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो आणि खाजनातल्या रस्त्याची कड पाण्याखाली दिसेनाशी होते. नव्या लोकांना घेऊन तेव्हा जाऊ नये. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेरां असतो. तो सण जरूर बघा, पण त्या दिवशी सायकलचा घोळका नेऊ नका. पाय ठेवायला जागा नसते.

वार मंगळवार ते गुरुवार यातला निवडा. शनिवार-रविवारी फेरीला रांगा लागतात आणि छोट्या बारमध्ये गावकऱ्यांनाच बसायला जागा पुरत नाही.

पणजीत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, एप्रिलमध्ये पावणेसातला. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही, सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत चांगलाच अंधार पडतो. हिवाळ्यातलं वेळापत्रक असं ठेवावं: साडेचारला पणजी, सव्वापाचपर्यंत जुने गोवे, साडेपाचच्या आत बेटावर, सूर्यास्ताला टेकडीवर, पावणेसातला बारमध्ये, सव्वाआठला बारमधून बाहेर, साडेआठच्या आसपास बोट, साडेनऊला घर. एप्रिलमध्ये सगळं पाऊण तासाने पुढे ढकला.

वाराही या वेळापत्रकाच्या बाजूने असतो. दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून आत वाहतो, म्हणजे जुन्या गोव्याकडे जाताना तो पाठीवर येतो. रात्री आठनंतर तो पडलेला असतो, त्यामुळे परतताना फारसा समोरून लागत नाही. साडेचारऐवजी तीनला निघालात तर मात्र ऊन अंगावर घ्याल आणि वर सव्वापाचपासूनच प्यायला बसाल. लवकर निघण्याचा मोह टाळा.

कोण आणि किती

सहा ते आठ जण पुरेत. दहाच्या पुढे गेलात की बोटीवर दोन तुकड्या होतात, बारमध्ये टेबलं जोडावी लागतात आणि स्वयंपाकघरातल्या एकट्या बाईंची तारांबळ उडते. जास्त लोक असतील तर आदल्या दिवशी जाऊन किंवा फोन करून सांगून ठेवा: इतके जण, इतक्या वाजता, इतके मासे. गावातले मालक अशा निरोपाची फार कदर करतात.

न पिणाऱ्यांना आवर्जून बोलवा. लिंबू सोडा किंवा कोकम सोडा घेऊन त्यांची संध्याकाळ तितकीच छान जाते आणि परतीला शुद्धीवरचे दोन जण गटात असणं ही मोठी सोय आहे. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे. कॉलेजातला भाचा बरोबर येणार असेल तर त्याच्यापुढे सोडा ठेवा, मालकाला अडचणीत टाकू नका.

ग्रुपवर एकच निरोप टाका, त्यात सगळं यावं: "गुरुवारी साडेचार, पणजी मार्केटच्या बाहेर. पुढे-मागे दिवा असेल तरच या. हेल्मेट, पाण्याची बाटली, पाचशे रुपये रोख. सव्वाआठला बारमधून निघायचं, अपवाद नाही." शेवटचं वाक्य निरोपात लिहून टाकलं की रात्री "अजून एक घेऊया"वाल्याशी वाद घालावा लागत नाही. बेटावर मोबाईलला रेंज जाते-येते, म्हणून रोख पैसे.

सायकल आणि दिवे

साधी गिअरची किंवा बिनगिअरची, कुठलीही चालते. आदल्या रात्री तीन गोष्टी बघा: दोन्ही ब्रेक दाबल्यावर चाक जागच्या जागी थांबतं का, टायरमध्ये हवा घट्ट आहे का आणि सीटचा नट आवळलेला आहे का. गटात मिळून एक पंप, दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पंक्चरचं सामान पुरतं. हे सामान मागून चालणाऱ्याकडे ठेवा. पंक्चर झालेला माणूस मागेच पडतो. पुढच्याकडे पंप असून उपयोग नाही.

दिव्यावर कंजूषी करू नका. पुढचा दिवा किमान ३०० लुमेनचा असावा. घरगुती बॅटरी हँडलला बांधून शहरात भागतं, पण खाजनातल्या रस्त्यावर दिव्याचे खांब विरळ आहेत आणि दोन्ही बाजूंना रस्त्यालगत उतार आहे. पुढचा दिवा खाली झुकवून लावा, नाहीतर समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याचे डोळे दिपतात. मागचा लाल दिवा सतत जळता ठेवा, गटात लुकलुकता ठेवला की मागच्याला त्रास होतो. दोन्ही दिवे दुपारीच पूर्ण चार्ज करा आणि जाताना उजेडात बंद ठेवा.

पारदर्शक काचेचा चष्मा घ्या. तिन्हीसांजेला तिवरांच्या बाजूने जाताना चिलटांचे थवेच्या थवे तोंडावर येतात आणि डोळ्यात गेलेलं चिलट चालत्या सायकलवर काढता येत नाही. डास चावू नयेत म्हणून मलम, बोटीसाठी पातळ जाकीट. एवढंच.

पणजी ते धक्का

पणजीतून पाटोपाशी बाहेर पडलं की रायबंदरचा जुना बांध लागतो, पोंते द लिन्यारिश. तो १६३३–३४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या काळात बांधला, सुमारे तीन किलोमीटरचा. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि पाणथळ, हिवाळ्यात बगळे आणि पाणपक्षी. रस्ता अरुंद, कडेला जागा नाही आणि पाचच्या सुमारास बस घाईत असतात. इथे एकामागे एक चाला, दोघांमध्ये दोन सायकलींचं अंतर ठेवा, गप्पा बेटासाठी राखून ठेवा. पाणी आणि पक्षी बघत चालवणारा माणूस नकळत रस्त्याच्या मध्यावर सरकतो, म्हणून बघायचं असेल तर थांबून बघा.

कदंब पठारावरचा बायपास रुंद दिसतो म्हणून कोणीतरी तो सुचवेल. त्यावर जाऊ नका. तिथे वाहनं महामार्गाच्या वेगाने येतात आणि पठारावर चढावंही लागतं. रायबंदरच्या गल्लीतला रस्ता वळणावळणाचा आहे, घरांच्या पडव्या रस्त्याला लागलेल्या, पण वेग आपोआप कमी राहतो.

पुढे कोण आणि मागे कोण हे निघतानाच ठरवा. पुढच्याने गटातल्या सर्वांत हळू माणसाच्या वेगाने चालवायचं आणि प्रत्येक वळणावर थांबायचं. मागच्याने कोणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही, मग कोणी फोटो काढायला थांबो की चप्पल नीट करायला. बोटीवर चढताना आणि उतरताना मागच्याने मोठ्याने डोकी मोजायची.

जुन्या गोव्यात १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेली चर्चेस आहेत, पण आज तिथे रेंगाळू नका. धक्क्याकडे उतरणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. कमान जांभ्या दगडाची, १५९९ मध्ये वास्को द गामाच्या पणतूने, तो व्हाइसरॉय असताना, उभारलेली, १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली. नदीकडच्या अंगाला वर वास्को द गामाचा पुतळा आहे. कमानीखाली सायकलीवरून उतरा. इथून धक्का हाकेच्या अंतरावर आहे आणि बोट लागली असेल तर गाड्या एकदम सुटतात.

फेरीबोट

गोवा सरकारचं नदी परिवहन खातं ही बोट चालवतं. पायी माणसाला आणि सायकलीला तिकीट नाही. बोट सपाट बुडाची, समोर लोखंडी फळी खाली पडते आणि त्यावरून स्कूटर, गाड्या, माणसं चढतात.

बोट येताना दिसली की पुढे धावू नका. उतरणाऱ्यांना मोकळं होऊ द्या. यातली बहुतेक माणसं कामावरून घरी चाललेली किंवा बाजार करून आलेली असतात, रोजची. त्यांच्यासाठी ही बोट बसथांबा आहे आणि आठ सायकली आडव्या उभ्या करणारा गट त्यांना अडचणीचाच वाटणार. मोटारी आधी चढू द्या, कारण बोटीवरची माणसं त्यांना बाजू बघून लावतात. मग सायकली हातात धरून एकेक करून चढा आणि कडेच्या कठड्याला लावा. ज्याची त्याने सायकल धरून उभं राहायचं. बोट धक्क्याला टेकताना हिसका बसतो आणि स्टँडवर लावलेली सायकल शेजारच्या स्कूटरवर पडते.

चढताना-उतरताना कोणीही सायकल चालवत फळीवरून जाऊ नये, कितीही सराव असला तरी. ओल्या लोखंडावर आणि त्यापुढच्या शेवाळलेल्या काँक्रीटवर टायर बाजूला सटकतं. चप्पल घालून येणाऱ्याला हे विशेष सांगा.

नदी ओलांडायला पाचेक मिनिटं लागतात. या पाच मिनिटांत एक काम करायचंच: बोटीवरच्या माणसाला विचारायचं, "बाब, शेवटची फेरी किती वाजता सुटते दिवाडीहून? मधे थांबते का?" इंटरनेटवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका. रात्री फेऱ्यांमधलं अंतर वाढतं आणि दुरुस्तीसाठी बोट बदलली की वेळही बदलते. जे उत्तर मिळेल ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगा आणि त्याच्या किमान एक तास आधीची बोट आपली, असं ठरवा. मराठी सगळ्यांना कळते. निरोप घेताना "देव बरें करूं" म्हटलंत तर समोरच्याचा चेहरा खुलतो.

बेटावर, बारच्या आधी

धक्क्यापासून रस्ता सरळ खाजनातून जातो. दोन्ही बाजूंना भातशेत किंवा पाणी, कुठे बांधावर पाणी आत-बाहेर सोडायची झडप, म्हणजे मानस. या मातीच्या बांधांवर सायकल घालू नका. दिसायला छान वाट असते, पण बांध गावकऱ्यांच्या शेतीचा कणा आहे आणि ओल्या मातीत टायरचे चर पडतात. नदीत उतरायचा विचारही नको: जवळच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत.

पिएदादच्या टेकडीवर चर्च आहे. शेवटचा चढ सायकल ढकलत गेलात तरी काही बिघडत नाही. वरून मांडवीचा फाटा, पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे आणि खाली हिरवी खाजनं दिसतात. आवारात मोठ्याने बोलू नका, प्रार्थना चालू असते.

मराठी माणसाला या बेटाशी बांधणारा एक धागा आहे. कदंब राजांचं कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर मुळात दिवाडीवरच होता. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देऊळ पाडलं तेव्हा लिंग नदीपलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला नेलं गेलं आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. बेटावर कोटीतीर्थ तळं अजून आहे. तिथे जायचं असेल तर वेगळी सकाळ काढा, नार्व्याची फेरी धरून देऊळही बघा. संध्याकाळच्या या फेरीत ते कोंबलं की सगळी गणितं चुकतात.

सूर्य बुडाला की लगेच खाली उतरा, दिवे लावून. उतारावर ब्रेक दोन्ही हातांनी, मागचा थोडा आधी. कोणी पुढे काढायचं नाही.

बारमध्ये

गावातला बार म्हणजे बऱ्याचदा घराचीच पुढची खोली. चार-पाच टेबलं, त्यांवर प्लास्टिकचं आच्छादन, भिंतीला फळीवर बाटल्या, कोपऱ्यात क्रूस आणि त्यावर झेंडूची माळ, टीव्हीवर फुटबॉल. दुपारी बंद असतो, संध्याकाळी उघडतो. आत गेल्यावर आधीपासून बसलेल्यांना मान लवून नमस्कार करा, मग बसा. मालकाला "पात्रांव" म्हटलेलं चालतं, वयस्क बाई असेल तर "आंटी". सायकली दारासमोर किंवा अंगणातल्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लावू नका. शेजारच्या भिंतीला लावायच्या असतील तर विचारा. एक कुलूप साखळीसकट घेऊन सगळ्या एकत्र बांधल्या की कोणाला बाहेर डोकावत बसावं लागत नाही.

बसल्यावर पहिली गोष्ट पाणी. सायकल चालवून तहान लागलेली असते आणि तहानेच्या भरात पहिला ग्लास दोन मिनिटांत संपतो. अर्धा लिटर पाणी पिऊन मगच ऑर्डर द्या. दुसरी गोष्ट खाणं, आणि तेही दारूच्या आधी सांगायचं, कारण तळायला वेळ लागतो. चोरीस-पाव (पोर्कच्या मसालेदार सॉसेजचा), रस ऑम्लेट, रव्यात तळलेले बांगडे, कटलेट-पाव, उकडलेली अंडी. शाकाहारी माणसासाठी चणे आणि पाव मिळतात, त्यापलीकडे खात्री नाही. त्याने काहीतरी बरोबर घ्यावं.

आता हिशोब, कारण या संध्याकाळचं सगळं यावर अवलंबून आहे. माणसाचं यकृत तासाला साधारण १० मिली शुद्ध अल्कोहोल संपवतं. वजन, बाई की पुरुष, पोट रिकामं की भरलं यावर ते थोडं पुढेमागे होतं. घाम गाळून, कॉफी पिऊन किंवा पॅडल मारून हा वेग वाढत नाही. आपण बारमध्ये दीड तास बसणार, म्हणजे १५ मिली.

काजूची फेणी ४२.८ टक्क्यांची असते. ३० मिलीच्या छोट्या पेगात जवळपास १३ मिली अल्कोहोल, ६० मिलीच्या मोठ्यात २५ ते २६. साध्या बिअरची ६५० मिलीची बाटली ५ टक्क्यांच्या हिशोबाने ३२ मिलीच्या वर जाते, म्हणजे "मी नुसती बिअर घेतो" म्हणणारा मोठ्या पेगवाल्याहून जास्त पितो. ३३० मिलीच्या छोट्या बाटलीत १६ मिली. स्ट्राँग बिअर या फेरीत नकोच.

मार्च ते मे हुर्राकचा हंगाम. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक, तोच पुन्हा उतरवला की फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. हुर्राकला मात्र हंगामाबाहेर आयुष्य नाही, टिकत नाही. लिंबाची फोड, उभी चिरलेली हिरवी मिरची, चिमूटभर मीठ आणि वर लिम्का घालून उंच ग्लासात देतात, आणि उकाड्यात सायकल चालवून आल्यावर त्यासारखं दुसरं काही नाही. म्हणूनच जपा. तो साधारण १५ टक्क्यांचा असतो, सरबतासारखा जातो आणि मालक हात सैल सोडून ओततो. १०० मिली हुर्राकात १५ मिली अल्कोहोल. मोजून घालायला सांगा, त्यात कोणालाही वाईट वाटत नाही.

म्हणजे एका माणसाला फेणीचा एक छोटा पेग, किंवा एक छोटी बिअर, किंवा हुर्राकचा एक ग्लास. सव्वासातपर्यंत संपवायचा, मग खाणं आणि पाणी. सव्वासातनंतर दारूची ऑर्डर नाही. रक्तात दारू चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. आठला घेतलेला "शेवटचा छोटा" नेमका बोटीच्या फळीवर चढतो.

आधी म्हटलेली मेख इथे आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ मोटारी आणि स्कूटर चालवणाऱ्यांसाठी आहे: १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सायकल त्यात येत नाही. पण ज्याने जुन्या गोव्यात गाडी लावून ठेवली आहे तो सायकलवरून उतरून पुन्हा गाडीत बसणार. त्याने सोडाच प्यायचा. हे त्याला घरातून निघतानाच सांगा, बारमध्ये सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

कोणी जास्त प्यायलंच तर त्याला सायकलवर बसवू नका. सायकल बारमध्ये ठेवायची विनंती करा, मालक सहसा हो म्हणतात. एक जण त्याच्याबरोबर चालत धक्क्यावर, पलीकडे टॅक्सी. गटात त्यावरून चेष्टा नको, नाहीतर पुढच्या वेळी तो माणूस सांगणारच नाही आणि तसाच सायकलवर बसेल.

बिल आठला मागा. आठ जणांचे वेगवेगळे हिशोब मालकाच्या डोक्यावर टाकू नका, एकाने भरायचं, बाकीच्यांनी त्याला द्यायचे. उरलेली बाटली हातात घेऊन बाहेर पडू नका: उघड्यावर पिणं, बाटल्या फोडणं यावर गोव्यात दंड आहे, आणि त्याआधी ते गाव आहे, तिथे लोक झोपतात. महाराष्ट्रात परतणाऱ्यांनी पिशवीत बाटल्या भरून सीमा ओलांडू नये, परवान्याशिवाय नेणं बेकायदेशीर आहे.

परत

बाहेर पडल्यावर लगेच सायकलवर बसू नका. दिवे लावा, टायर हाताने दाबून बघा, हेल्मेटचा पट्टा लावला का ते एकमेकांचं बघा. मग शंभरेक पावलं सायकल हातात धरून चालत जा. कोणाचा तोल जातोय ते या शंभर पावलांत दिसतं आणि अंधाराला डोळे सरावतात.

परतताना क्रम बदला. न प्यालेला एक जण पुढे, दुसरा मागे. खाजनातल्या रस्त्यावर मध्यापासून थोडं डावीकडे चाला, अगदी कडेने नको. दिवसा तापलेल्या डांबरावर रात्री साप येऊन पडतात, म्हशी आणि कुत्री रस्त्यावर बसलेली असतात. कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवू नका, पॅडल थांबवून मोठ्याने ओरडा, तेवढ्याने ते बहुधा थांबतं. समोर खड्डा दिसला की पुढच्याने "खड्डा!" म्हणून ओरडायचं आणि प्रत्येकाने तोच शब्द मागे पोचवायचा. हाताच्या खुणा अंधारात दिसत नाहीत.

बेटावर कोणी पडलं तर १०८ ला फोन लावा, पण रुग्णवाहिकेलाही नदी ओलांडूनच यावं लागतं हे लक्षात ठेवा. म्हणून बेटावरचे हे दोन किलोमीटर सगळ्या वाटेत सर्वांत हळू चालवा, भले बोट सुटू दे. दुसरी येते. शेवटचीच चुकली तर घाबरून होडीवाला शोधू नका. गावात परत जाऊन बारच्या मालकालाच विचारा. रात्र काढायची सोय त्यांना माहीत असते.

पलीकडे उतरलात की डोकी मोजा. पणजीकडे जाताना रायबंदरच्या बांधावर रात्री बस कमी असतात, पण ज्या असतात त्या वेगात असतात. इथे एकामागे एक, अंतर दुप्पट, आणि मागच्याने आपला दिवा तपासून घ्यायचा. पाटोचा दिवा दिसायला लागला की सगळ्यांना पुढे धावावंसं वाटतं. वाहतूक पुन्हा तिथेच दाटते.

बाहेरून येणाऱ्यांसाठी

मुंबई, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातून सायकल घेऊन येणार असाल तर कोकण रेल्वेने सामानाच्या डब्यात ती नोंदवता येते. जुन्या गोव्याला करमळी स्टेशन जवळ पडतं, पण तिथे गाडी थोडाच वेळ थांबते आणि सामान उतरवायची धांदल होते. सायकल मडगावला उतरवून घ्या, माणसं हवी तर करमळीला उतरू देत. घडीची सायकल मात्र पिशवीत घालून डब्यातच नेता येते.

दुसऱ्या दिवशी

रात्री घरी पोचल्यावर प्रत्येकाने ग्रुपवर "पोचलो" टाकायचं आणि मागून चालणाऱ्याने सगळे आले का ते बघूनच झोपायचं. सकाळी सायकल गोड्या पाण्याने पुसून काढा. फेरीच्या डेकवरचं खारं पाणी चेनवर उडालेलं असतं आणि दोन दिवसांत ती तांबारते. कोरड्या फडक्याने चेन पुसायची, प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल सोडायचं, पॅडल उलटं फिरवायचं आणि वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. दिवे चार्जिंगला लावायचे आणि वापरलेली ट्यूब असेल तर पिशवीत लगेच नवी ठेवायची.